मोडीतून आकाशाकडे

पेठ वडगावात सेनापती धनाजी जाधव यांची समाधी आहे. इ. स. १७०८ साली त्यांचे देहावसान याच परिसरात झाले. मोगलांची घोडी पाणी पिईनाशी झाली म्हणजे स्वार त्यांस ‘पाण्यात संताजी-धनाजी दिसतात काय?’ असे विचारीत, ही आख्यायिका महाराष्ट्रातील शाळकरी पोरासही ठाऊक आहे. या समाधीपाशी उभे राहिले असता आमच्या मनात पुष्कळदा एक विचार येतो. वाचकांस तो कदाचित वेडगळ वाटेल. सेनापतींचे नाव राहिले, समाधी राहिली, पराक्रमाच्या कथा राहिल्या. परंतु ज्या घोड्यांच्या पाठीवरून तो पराक्रम घडला ते घोडे गेले ते गेलेच. तलवार गंजली तर घासून पुन्हा लखलखीत करता येते, ढासळलेला बुरूज पुन्हा बांधता येतो. घोडा मात्र एकदाच दौडतो.

विसाव्या शतकातील युद्धांचे घोडे धातूचे होते, आणि त्यांच्या बाबतीत हा नियम थोडा सैल झाला आहे. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी लढलेली विमाने मोडीतून उचलून आणावयाची, त्यांचा एकेक खिळा तपासावयाचा, कुजलेले पत्रे बदलावयाचे, आणि शक्य तर त्यांच्याच मूळ जातीचे इंजिन पुन्हा जिवंत करून त्यांस आकाशात न्यावयाचे, असा एक उद्योग जगात चालतो. श्रीमंतांचा छंद म्हणून त्याकडे हसून पाहणारे पुष्कळ आहेत. आम्हीही एके काळी हसत होतो. परंतु या उद्योगाचे धागे हिंदुस्थानच्या आणि त्यातही आमच्या पुण्याच्या हवाई तळापर्यंत येऊन पोचतात हे कळल्यापासून आमचे हसणे थांबले.

दिनांक १० ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडात नॉर्दम्प्टनशायरमधील सायवेल येथील धावपट्टीवरून हॉकर टेम्पेस्ट जातीचे एक लढाऊ विमान उडाले. पीट किन्सी नावाचे अनुभवी वैमानिक ते चालवीत होते. ब्रिटिश दप्तरी त्याचा क्रमांक एम.डब्ल्यू. ७६३ असा होता. परंतु स्वातंत्र्यानंतर ते आपल्या वायुदलात होते व तेथे त्यास एच.ए. ५८६ हा क्रमांक मिळाला होता. वायुदलाच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर या जातीची कित्येक विमाने आपल्याकडील हवाई तळांच्या कडेला उन्हापावसात पडून होती. १९७९ च्या सुमारास परदेशी संग्राहकांनी त्यांतील काही सांगाडे विकत घेऊन समुद्रापार नेले. त्यानंतर सुमारे चार दशकांनी त्यांतील हे एक उडाले. त्या दिवशी जगात उडू शकणारे टेम्पेस्ट ते एकटेच होते.

टेम्पेस्टचे नाव आपल्या वाचकांस फारसे परिचित नसेल, परंतु त्याचे ऋण आपणांवर आहे. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात घुसखोरांच्या टोळ्यांवर व त्यांच्या मोटारींच्या तांड्यांवर जी विमाने तुटून पडली, त्यांत स्पिटफायरांच्या बरोबरीने टेम्पेस्ट होती. त्या युद्धात काश्मीरमधील हवाई तुकडीची धुरा वाहून महावीर चक्राचे मानकरी झालेले विंग कमांडर हृषीकेश मूळगावकर हे मुंबईत जन्मलेले मराठी गृहस्थ. पुढे १९७६ साली ते वायुदलप्रमुख झाले. म्हणजे सायवेलच्या धावपट्टीवर जे यंत्र गरजले ते केवळ इंग्रजांच्या आठवणीतले नव्हे.

आता हे विमान उभे करण्यास एवढा काळ का लागावा? ढाच्याचे काम अवघड असले तरी ते असाध्य नसते. मूळ आराखडे मिळाले, धातूची जात कळली, आणि हातात कसब व गाठीस पैसा असला, म्हणजे पंख व शेपूट नव्याने घडविता येतात. खरा अडसर इंजिनाचा. टेम्पेस्टच्या या प्रकारात ब्रिस्टल कंपनीचे सेंटॉरस नावाचे इंजिन बसविलेले असते. नऊ सिलिंडरांचे एक कडे, त्यामागे नऊ सिलिंडरांचे दुसरे कडे, असे एकूण १८ सिलिंडर एका आसाभोवती सूर्यकिरणांप्रमाणे मांडलेले. एकूण अवकाश ५३.६ लिटर, शक्ती सुमारे अडीच हजार अश्वशक्ती. इतक्यावर भागते तर गोष्ट वेगळी होती. परंतु या इंजिनात आपणांस परिचित असलेले व्हॉल्व्ह नाहीत.

येथे आम्हांस वडगावचाच दाखला दिल्यावाचून राहवत नाही. आमच्या लहानपणी या पंचक्रोशीतील मळ्यांतून आणि गुऱ्हाळांवरून ऑईल इंजिने धडधडत असत. कोणाचे इंजिन चालू आहे हे आवाजावरून ओळखणारी माणसे गावात होती. भाग मोडला तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात जावयाचे, तेथे तो ओतून, लेथवर उतरवून मिळावयाचा. ज्या करवीरात १९१८ साली बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साहाय्याने चित्रपटाचा कॅमेरा घरच्या घरी बनविला, तेथल्या मेस्त्रीस परदेशी यंत्राचे भय कधी वाटले नाही. अशाच एका वृद्ध मेस्त्रींजवळ आम्ही सेंटॉरसची गोष्ट काढली. अठरा सिलिंडर ऐकून ते विशेष चकित झाले नाहीत. ‘बोअर किती?’ एवढेच त्यांनी विचारले. पावणेसहा इंच, असे आम्ही सांगितले. मग व्हॉल्व्हऐवजी काय असते ते समजावून सांगितले, तेव्हा मात्र त्यांनी विडी खाली ठेवली.

साध्या इंजिनात सिलिंडरच्या डोक्यावर भूछत्राच्या आकाराचे व्हॉल्व्ह असतात. ते उघडतात व मिटतात, त्यायोगे वायू आत येतो आणि धूर बाहेर जातो. सेंटॉरसमध्ये पिस्टन व सिलिंडर यांच्या मध्ये पातळ पोलादाचे एक नळकांडे असते. त्यास स्लीव्ह म्हणतात. या नळकांड्याच्या अंगाला खिडक्या कापलेल्या असतात. ते एकाच वेळी वरखाली सरकते आणि थोडेसे गोलही फिरते. त्या हालचालीत त्याच्या खिडक्या सिलिंडरच्या खिडक्यांसमोर आल्या की वायूस वाट मिळते, सरकल्या की वाट बंद होते. कल्पना मोठी सुरेख. परंतु आतून पिस्टन घासतो आहे, बाहेर सिलिंडर आहे, मध्ये तेलाचा झिरझिरीत पापुद्रा, आणि हे सर्व भट्टीसारख्या उष्णतेत.

‘ती नळी गोल कशी ठेवली?’ मेस्त्रींनी विचारले.

प्रश्न अगदी वर्मावर होता. ब्रिस्टल कंपनीचे रॉय फेडन व त्यांचे सहकारी याच प्रश्नाशी कित्येक वर्षे झुंजले. प्रारंभी प्रत्येक स्लीव्ह त्या-त्या सिलिंडरास हाताने जुळवून बसवावी लागे. कोणतीही स्लीव्ह कोणत्याही सिलिंडरात चालावी हे साधेपर्यंत १९३० चे दशक सरत आले. नेपियर कंपनीने सेबर नावाचे २४ सिलिंडरांचे असेच इंजिन काढले, तेव्हा तिला स्लीव्ह घडविणे जमेना. महायुद्ध ऐन भरात असता ब्रिस्टलचे कसब तिला उसने घ्यावे लागले. ही विद्या पुस्तकात लिहून ठेवण्याजोगी थोडी आणि हातात मुरलेली फार. ते हात आता जगातून गेले आहेत.

म्हणूनच इंजिनांच्या नशिबात मोठी तफावत पडलेली दिसते. स्पिटफायरचे मर्लिन हे इंजिन इंग्लंड व अमेरिका मिळून दीड लाखाहून अधिक बनले. त्याचे सुटे भाग अद्याप मिळतात व ते दुरुस्त करणारे कारखानेही आहेत. त्यामुळे आज कित्येक स्पिटफायर उडताना दिसतात. सेंटॉरसचा मामला बिकट. ज्या सी फ्यूरी विमानांत ते असे, त्यांपैकी अमेरिकेतील पुष्कळांनी ते काढून टाकून देशी राइट किंवा प्रॅट अँड व्हिटनी इंजिन बसविले आहे. विमान उडते, गर्दी टाळ्या वाजविते. पण त्याचा आवाज त्याचा राहिला नाही. सेबर इंजिनावर उडणारे विमान तर आज जगात एकही नाही.

आपल्याकडे देवळांचा जीर्णोद्धार होतो. दगड बदलतात, शिखर नवे चढते, मंडपाला नवे खांब येतात. तरी गाभाऱ्यातील मूर्ती तीच असली म्हणजे भाविकास देऊळ तेच वाटते. जुन्या विमानांच्या या जीर्णोद्धारातही असाच वाद आहे. एखाद्या स्पिटफायरचा फक्त क्रमांकाचा पत्रा व मूठभर तुकडे मूळचे असावेत, बाकी सर्व नवे असावे, आणि तरी त्यास जुने विमान म्हणावे काय? कायद्याने म्हणतात. आमच्या मते येथे मूर्तीचा मान इंजिनास आहे. पत्रा नवा चालेल. परंतु त्या काळच्या माणसांनी ओतलेले, घासलेले, कानाला आवाज लावून जुळविलेले यंत्र जर आत फिरत असेल, तर त्या विमानाचे त्या काळाशी नाते तुटलेले नाही. नुसते रंगवून तोरणासारखे चौकात उभे केलेले विमान आम्हांस पेंढा भरलेल्या वाघासारखे वाटते.

हे सर्व परदेशातील गोऱ्या लोकांचे कर्तृत्व, असे वाचकांनी समजू नये. मोडीतून विमाने उठविण्याचा एक अचाट प्रयोग आपल्या देशात स्वातंत्र्य मिळताच झाला. त्याची आठवण मात्र आपण नीट ठेवली नाही.

महायुद्धात अमेरिकेने इंग्रजांस उसनवार दिलेली लिबरेटर नावाची चार इंजिनांची प्रचंड बाँबफेकी विमाने युद्ध संपल्यावर कानपूरजवळ चकेरी येथे आणून टाकण्यात आली. ती पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून त्यांची मुद्दाम नासधूस करण्यात आली. ढाचे फोडले, उपकरणे चिरडली. जाणाऱ्या भाडेकरूने चुली फोडून जाव्यात तसा हा प्रकार. इकडे स्वतंत्र देशाच्या वायुदलाजवळ लांब पल्ल्याचे एकही बाँबफेकी विमान नव्हते आणि विकत घ्यावयास परकीय चलन नव्हते. १९४८ साली बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याची माणसे त्या मोडीच्या ढिगाऱ्यात शिरली. एका विमानाचे शेपूट, दुसऱ्याचे चाक, तिसऱ्याचे इंजिन, असे जुळवून त्यांनी एकेक विमान कसेबसे उडण्याजोगे केले. कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी ती विमाने कानपुराहून बंगलोरास उडवत नेली. मोडीतल्या यंत्रावर बसून जवळजवळ अर्धा हिंदुस्थान ओलांडावयाचा, तोही एकदा नव्हे, पुनःपुन्हा! बंगलोरास त्यांची संपूर्ण दुरुस्ती होऊन चाळीसहून अधिक लिबरेटर वायुदलात दाखल झाली.

हे साधले कसे? धाडस होतेच; परंतु धाडसाने बेअरिंग बसत नाही. दोन कारणे आम्हांस महत्त्वाची वाटतात. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० साली हा कारखाना काढला होता. युद्धाच्या उत्तरार्धात तो अमेरिकन सैन्याच्या ताब्यात होता आणि तेथे मोठमोठी विमाने दुरुस्तीस येत; तेव्हा बंगलोरच्या कारागिरांचे हात अमेरिकन बनावटीवर आधीच बसलेले होते. दुसरे कारण इंजिनाचे. लिबरेटरचे ट्विन वास्प इंजिन आणि आपल्याजवळ पुष्कळ असलेल्या डकोटा विमानांचे इंजिन एकाच घराण्यातले. १४ सिलिंडरांचे, साध्या व्हॉल्व्हचे हे इंजिन पावणेदोन लाखांच्या घरात बनले आहे. जगात कोणतेही विमानी इंजिन इतक्या संख्येने बनलेले नाही. त्याची नस ओळखणारी माणसे येथे होती, भाग येथे होते. लिबरेटरच्या पोटात सेंटॉरस असते, तर चकेरीचा ढिगारा ढिगाराच राहिला असता.

या लिबरेटरांनी पुण्याच्या लोहगाव तळावरून समुद्रावर टेहळणी केली. १९५१ साली पुण्यास नव्याने उभ्या झालेल्या सहाव्या स्क्वाड्रनजवळ तीच विमाने होती. १९६८ साली ती निवृत्त झाली, म्हणजे जी विमाने मोडीत काढली होती त्यांनी त्यानंतर वीस वर्षे चाकरी केली. चार इंजिनांचा तो गंभीर घरघराट ऐकलेली वडील मंडळी पुण्यात अजून भेटू शकतील.

पुढे काय झाले? जगातील संग्रहालयांस एकाएकी आठवण झाली की, अठरा हजारांहून अधिक बनलेल्या लिबरेटरांपैकी आपल्याजवळ जवळजवळ काहीच उरलेले नाही. आणि शाबूत असलेली हिंदुस्थानात आहेत. १९६८ साली एक कॅनडास गेले. त्याच्या बदल्यात आपणांस लायसँडर जातीचे एक विमान मिळाले. १९६९ साली दुसरे स्वतःच्याच इंजिनांवर उडत अमेरिकेतील ॲरिझोनास गेले. १९७४ साली एक ब्रिटिश वायुदलाच्या संग्रहालयास भेट म्हणून गेले. ज्यांनी ती फोडून टाकली होती त्यांसच ते दुरुस्त करून साभार परत! या प्रकारातील विनोद त्या समारंभात कोणाच्या ध्यानात आला असेल काय? आणखी एक लिबरेटर इंग्लंडमार्गे १९८४ साली अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेले, आणि अगदी पुन्हा घडविल्यासारखे दुरुस्त होऊन १९८९ साली उडाले.

स्पिटफायरांचीही हीच कथा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हेडन-बेली बंधूंच्या प्रयत्नाने आपल्याकडील कित्येक जुनी स्पिटफायर इंग्लंडास गेली. त्यांतील एम.टी. ७१९ क्रमांकाचे विमान १९८२ साली इटलीत पुन्हा उडाले.

हे सर्व गेले याचे दुःख करावे काय? आमचे मन येथे दोलायमान होते. ती येथेच राहती तर बहुधा भंगारवाल्याच्या तराजूत गेली असती. ज्यांनी नेली त्यांनी जगविली, हे नाकबूल करणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु आमचे दुःख विमानांविषयी तितके नाही. १९४८ साली बंगलोरात जे हात होते, त्यांच्यामागून दुसरे हात तयार झाले नाहीत, ही आमची तक्रार. जेट विमाने आली, विद्या बदलली, हे खरे. तरी चार माणसे त्या कामावर ठेवण्यास राष्ट्र भिकेस लागले नसते.

याची प्रचीती डकोटाच्या प्रकरणी आली. १९८८ साली वायुदलाने जुन्या विमानांचा ताफा स्थापन केला होता, स्पिटफायर एन.एच. ६३१ हे त्याचे भूषण होते. तो ताफा पुढे थंडावला. राजीव चंद्रशेखर यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर डकोटाचे वैमानिक होते. राजीव यांनी २०११ साली मोडीतले एक डकोटा विकत घेऊन ते इंग्लंडात दुरुस्त करविले व वायुदलास देऊ केले. प्रथम ही देणगी नाकारण्यात आली. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाल्यावर ती स्वीकारण्यात आली. एप्रिल २०१८ मध्ये ते विमान कॉव्हेंट्रीहून निघून टप्प्याटप्प्याने उडत जामनगरास उतरले आणि ४ मे रोजी हिंडण तळावर वायुदलाच्या स्वाधीन झाले. त्यास नाव दिले परशुराम. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरास शीख पलटणीचे जवान उतरविणाऱ्या डकोटाचा व्ही.पी. ९०५ हा क्रमांक त्याच्या अंगावर रंगविला आहे. हे ते मूळ विमान नव्हे; ते ब्रिटिश वायुदलातले व नंतर तेथील नागरी कामातले विमान होय. परंतु त्याची इंजिने त्याच ट्विन वास्प घराण्यातली, आणि ती फिरतात. आम्हांस एवढे पुरे आहे. फक्त ज्या इंजिनाची दुरुस्ती एके काळी बंगलोरास नित्याची होती, त्याच्यासाठी कॉव्हेंट्री गाठावी लागली हे मनाला लागते.

असली विमाने उडवावीतच का, हा आक्षेप मात्र थट्टेवारी नेता येणार नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये त्याच कॉलिंग्ज फाउंडेशनचे बी-१७ हे जुने बाँबफेकी विमान हौशी प्रवाशांसह पडले व सात जीव गेले. चौकशीत उजव्या बाजूच्या दोन्ही इंजिनांची निगा नीट राखली गेली नव्हती असे निष्पन्न झाले. इंग्लंडातील नौदलाच्या वारशातले सेंटॉरसवर चालणारे एक सी फ्यूरी विमान २०१४ आणि २०२१ अशा दोन वेळा आपत्तीत सापडले. माणसे वाचली, हे वैमानिकांचे कौशल्य. जुने इंजिन क्षमा करीत नाही. नुसते उभे राहिले तरी खालच्या सिलिंडरांत तेल झिरपून साचते. ते काढल्यावाचून एकदम चालू केले तर पिस्टन त्या तेलावर आपटून दांडा वाकतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी पंखा हाताने सावकाश फिरवून पाहावा लागतो. मॅग्नेशियमचे आवरण आतून कुरतडले जाते आणि वरून दिसत नाही.

आमचे मत असे आहे की, जेथे जातीचा एकच नमुना उरला आहे तेथे तो जमिनीवर राहावा. जेथे दुसरे नमुने सुरक्षित आहेत तेथे एखादे उडावे, परंतु प्रवासी घेऊन नव्हे. सायवेलच्या टेम्पेस्टला ही कसोटी लागू पडते, कारण त्याची भावंडे लंडनला आणि दिल्लीस पालमच्या वायुदल संग्रहालयात आहेत. पालमचे टेम्पेस्ट एच.ए. ६२३ उडवावे असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्या सेंटॉरसजवळ मात्र दोन तरुण यंत्रज्ञ नेमावेत. त्यांनी ते उघडावे, स्लीव्ह पाहाव्यात, तेल द्यावे. खर्च तो किती येणार!

ही सूचना आम्ही आमच्या मेस्त्रींस सांगितली. त्यांच्या परसात एक जुने ऑईल इंजिन आहे; ते चालवून बरीच वर्षे लोटली. ते म्हणाले, ‘चालवलं न्हाई तर न्हाई, पर फिरवाय तर पायजे.’ खंडेनवमीस आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा झेंडूच्या माळा अजून टोपलीतच होत्या. त्यांनी आधी सिलिंडरमध्ये तेल सोडले, नातवाला हँडल धरावयास लावले, आणि चाक सावकाश तीन वेळा पुरते फिरले तेव्हा माळ घातली.